‘तसं काही नाही ना?’

समोर बसलेल्या माणसाला तुम्ही आजवर कधी विचारलंय का, की बाबा रे, जीव द्यावा असं तुला वाटतं का? याच शब्दांत? आवाज न चोरता, नजर न चुकवता?

नाही विचारलं. खोटं बोलू नका. तुम्ही विचारलंत, “बरं आहे ना?” तो म्हणाला, “बरं आहे.” तुम्ही चहा प्यायलात आणि घरी आलात. उद्या काही झालंच तर चौकात उभं राहून म्हणायला मोकळे, की परवाच भेटला होता हो, चांगला हसून बोलला.

सूर्यभान म्हसे हेच करत होता. नगरच्या सावेडी भागात राहणारा त्याचा जिवाभावाचा दोस्त कानिफनाथ पालवे आतून विझत चालला होता, आणि हा दर आठवड्याला त्याच्याकडे बशीभर चहा ओरपून परत येत होता. कानिफनाथ राहतो की जातो, एवढाच या गोष्टीतला खरा प्रश्न. बाकी सगळं सोंग आहे. पण ते सोंग नीट ऐका. त्याच्याशिवाय हा प्रश्न सूर्यभानच्या तोंडातून सात जन्मांत बाहेर पडला नसता.

सूर्यभान राहुरीचा. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. अंगानं बुटका, आवाजानं दांडगा. गाडी कितीही खच्चून भरो, हा माणसांच्या बगलेखालून वाट काढत शेवटच्या सीटपर्यंत जायचा आणि परत येईस्तोवर दोन भांडणं मिटवून एक नवं लावून यायचा. वर नाटकाचं वेड. गावच्या जत्रेत हौशी मंडळींचं नाटक असलं की म्हाताऱ्या बापाचं काम याचंच. स्टेजवर मरायला लागला की लवकर मरायचा नाही. समोरच्या बाया डोळ्याला पदर लावायच्या आणि पडदा ओढणारा दोरी धरून ताटकळायचा. हे सगळं तो आजही सांगतो. विचारावं लागत नाही.

कानिफनाथ त्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. पाथर्डीकडचा, कोरड्या मुलखातला, बोलणंही तसंच, पाण्यासारखं जपून वापरलेलं. डेपोत त्यांची जोडी ठरलेली होती. एक बोलणार, दुसरा गाडी हाकणार. कानिफ त्याला ‘मास्तर’ म्हणायचा. “मास्तर, तुझा रेडिओ बंद कर, घाट आला,” एवढं एक वाक्य म्हटलं की त्याचा दिवसाचा कोटा संपायचा. दोघं मागंपुढं रिटायर झाले. मग कानिफची बायको गेली. मुलगा सुनील एमआयडीसीत कामाला; त्यानं बापाला गावाकडून आणून सावेडीच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. सून चांगली, नातू गोड, हातात रिमोट, वेळेवर जेवण. लोक म्हणायचे, पालवे, नशीब काढलंत. कानिफ थोडं हसायचा.

आता सोंगाकडे येऊ.

सावेडीच्या पुढं एक नर्सिंग कॉलेज आहे. तिथं रेश्मा मॅडम शिकवतात. विषय मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा. या बाई कॉलेजात शिकायला असताना राहुरीहून सूर्यभानच्याच गाडीनं नगरला यायच्या, त्यामुळं त्याचा आवाज त्यांच्या कानात कायमचा बसलेला. त्यांची अडचण अशी होती, की कॉलेजात सुई टोचायला शिकवणारा रबरी पुतळा होता. त्याला सलाईन लावता यायचं, त्याची नाडी वाजायची, म्हणे तो खोकायचासुद्धा. पण ज्या माणसाला जगणं नकोसं झालंय त्याच्याशी बोलायचं कसं, हे पुतळ्यावर कसं शिकवणार? वर्गातल्याच पोरींना पेशंट बनवून पाहिलं तर त्या फिदीफिदी हसत सुटल्या. आणि खऱ्या वॉर्डात, खऱ्या माणसावर, पहिल्यांदाच चुकून शिकायचं म्हणजे त्या माणसाच्या जिवाशी खेळ. डॉक्टर फेरी मारून जातो. उशाशी असते ती सिस्टर. तिलाच विचारता आलं नाही तर मग कुणी विचारायचं?

म्हणून मॅडमनी सूर्यभानला शोधून काढलं आणि सांगितलं, काका, तुम्ही पेशंट व्हायचं. एका खोलीत वॉर्डासारखी कॉट मांडलेली, वर कॅमेरा. एकेक मुलगी येऊन तुमच्याशी बोलणार, बाकीच्या शेजारच्या खोलीत टीव्हीवर बघणार, मग सगळ्या मिळून चर्चा करणार. याला सिम्युलेशन म्हणतात.

घरी त्यानं हे रतनबाईला मोठ्या रुबाबात सांगितलं. बायको म्हणाली, “काय म्हनलं? शिमग्याचं सोंग?”

“सिम्युलेशन.”

“तेच ते,” असं म्हणून ती भाकरी थापायला वळली.

पहिल्या दिवशी सूर्यभाननं जत्रा उभी केली. कपाळ बडवलं, देवाला जाब विचारला, कॉटच्या दांडीला धरून असा हंबरडा फोडला की बाहेरून वॉचमन धावत आला. दोन पोरी खरंच रडल्या. हा उठून घाम पुसत टाळ्यांची वाट बघत उभा. रेश्मा मॅडम म्हणाल्या, “काका, हे जत्रेत चालेल. वॉर्डातला असा माणूस ओरडत नाही. तो म्हणतो, बरं आहे. तुम्हाला गप्प बसायचंय.”

अपमान झाला. येताना एसटीत पूर्ण रस्ता तो तोंड फुगवून बसला. घरी येऊन म्हणाला, ह्या कालच्या पोरी मला नाटक शिकवनार, मी न्हाई जात परत. रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गप बसायचं काम मिळालंय तुमाला? मग जावा की. घरी बी सराव करा, मी बघती.”

तो गेला. पण गप्प बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. आयुष्यात कधी केलेलंच नव्हतं. नट माणूस मग काय करतो? कुणाला तरी बघून उचलतो. सूर्यभानच्या ओळखीत गप्प बसणारा माणूस एकच.

त्यानं कानिफ उचलला. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून, न पिता, तसंच बसून राहणं. टीव्ही चालू असताना टीव्हीच्या बाजूच्या भिंतीकडं बघणं. कुणी विचारलं की आधी थोडं हसणं आणि मग, “माझं काय, चाललंय.” पुढच्या खेपेला हे सगळं त्यानं कॉटवर बसून केलं आणि टीव्हीच्या खोलीत पोरी चिडीचूप झाल्या. मॅडम म्हणाल्या, “काका, आता बरोबर. असे पेशंट मी वॉर्डात पाहिलेत. इतकं खरं कुठून आणलंत?”

सूर्यभाननं छातीवर थाप मारली. कला हाय, म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो कानिफकडे चहाला गेला आणि कौतुक कसं झालं ते मीठमसाला लावून सांगितलं. कानिफ पेला दोन्ही हातांत धरून ऐकत होता. जाताना त्यानं मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडून सूर्यभानच्या हातात दिलं. सगळ्या ड्युट्या त्या घड्याळावर केलेल्या. आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. “घे तुला, मास्तर. मला आता कुठं टाइम बघायचाय.”

सूर्यभाननं ते घातलं आणि खूश होऊन बस पकडली.

त्याच्यावर भडकू नका. दोस्तानं दिलेलं घड्याळ तुम्हीही घातलं असतं.

कॉलेजात मॅडमनी त्याला एक नियम घालून दिला होता. पोरीनं स्पष्ट शब्दांत विचारलं तरच खरं सांगायचं. आडून विचारलं तर निसटायचं. मग काय, कंडक्टरला कुणी निसटायला शिकवावं? एक पोरगी आली, जेवलात का, झोप लागते का, टेन्शन घेऊ नका काका, असं करत बीपी मोजून निघून गेली. दुसरी जरा धीट. तिनं विचारलं, “काका, मनात काही वाईटसाईट विचार येत नाहीत ना?”

सूर्यभानच्या तोंडून आपोआप निघालं, “पोरी, मी कुनाचं वाईट चिंतनारा मानूस न्हाई.”

टीव्हीच्या खोलीत हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं, सूर्यभानलाही बोलावलं, आणि म्हणाल्या, पेशंट खोटं बोलला का? नाही. वाईट विचार म्हटलं की आपल्याकडच्या साध्या माणसाला चोरी आठवते, लफडं आठवतं, कुणाच्या घरावर करणी केलेली आठवते. मरण नाही आठवत. तुम्ही वेगळंच विचारलंत, त्यानं त्याचं उत्तर दिलं. मग त्यांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि शेवटच्या अक्षराभोवती खडूनं गोल केला. ‘ना’.

“हा ‘ना’ बघा. ‘तसं काही नाही ना?’ म्हणजे काय विचारलंत तुम्ही? उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घातलंत. बाबा, नाही म्हण, म्हणजे माझी सुटका. आणि तो बिचारा तुमच्यावर दया करून म्हणतो, नाही.”

सूर्यभानला राहवलं नाही. म्हणाला, गाडीत तेच. ‘कुनाचं तिकीट राहिलं न्हाई ना’ म्हटलं की समदी गाडी खिडकीतून भाईर बघती. समोर जाऊन उभं राहून ‘तिकीट’ म्हटलं की हात खिशात गेलाच. पोरींना ते पटलं. तो त्या दिवशी दुप्पट ताठ मानेनं बाहेर पडला, कानिफकडं गेला, दारातच म्हणाला, “काय कानिफ, बरा हायेस ना?” आणि कानिफ म्हणाला, बरा हाय की.

त्या वर्गात घोडेगावकडची सृष्टी नावाची मुलगी होती. बाप बाजारात म्हशींचा व्यापारी. मारक्या म्हशीचं शिंग धरून उभी राहणारी ही पोर, सुईला नाही, रक्ताला नाही, प्रेताला नाही भ्यायली. पण तो एक शब्द तिच्या घशातून वर येईना. स्टुलावर बसायची, “काका, तुम्हाला जी…” इथपर्यंत यायची आणि अडकायची. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडक. शेवटी डोळ्यांत पाणी घेऊन उठली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

सूर्यभान मागं गेला. पोरी, मी सोंग घेतलंय, मला काय व्हतंय, असं समजावायला लागला. ती म्हणाली, “सोंग असलं तरी शब्द खराच की, काका. आमच्या घरी असलं बोललं की आई तोंडावर हात ठेवते. वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. उद्या तुम्हाला काही झालं तर ते मीच बोलले होते असं होईल.”

तो हसला, पण अर्धंच. जत्रेत मरून घरी आला की रतनबाई त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची, तेव्हा हा मुकाट्यानं पाटावर बसायचा. घरात तो शब्द त्यानंही कधी काढला नव्हता.

मॅडमनी सृष्टीला रागावलं नाही. पण सोडलंही नाही. म्हणाल्या, “ताप आहे का विचारल्यानं कुणाला ताप येतो का? ज्याच्या मनात नाही तो नाही म्हणेल, फार तर तुला वेडी म्हणेल. ज्याच्या मनात आहे त्याला तू काही नवीन सांगत नाहीस. तो एकटाच ते घेऊन बसलाय. तू फक्त त्याच्या शेजारी जाऊन बसतेस.” आणि हेही सांगितलं, की विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय.

पुढच्या आठवड्यात सृष्टी आली ती स्टूल कॉटच्या जवळ ओढूनच बसली. घाई केली नाही. म्हणाली, “काका, तुम्ही जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, सगळ्यातून मन उडालंय असं दिसतंय. इतकं झालं की कुणाकुणाला जीव द्यावा असं वाटायला लागतं. तुम्हाला वाटतं का?”

आणि गप्प बसली. पुढं शेपूट नाही, ‘ना’ नाही, काही नाही.

आता नियमाप्रमाणं खरं सांगायचं होतं. पण आजवर एकही पोरगी इथपर्यंत पोचली नव्हती, त्यामुळं या जागेचं उत्तर सूर्यभाननं जुळवलेलंच नव्हतं. तोंड उघडलं आणि आपसूक बाहेर पडलं, “सकाळी डोळा उघडला की वाटतं, परत उघडला का.”

हे वाक्य त्याचं नव्हतं.

कानिफ चहात साखर ढवळता ढवळता हे म्हणाला होता, मागच्याच आठवड्यात. आणि यानं काय उत्तर दिलं होतं? “म्हाताऱ्या, डोळा न्हाई उघडला तर मला चहा कोन पाजील?” दोघंही हसले होते. म्हणजे हा हसला होता.

सूर्यभानची नजर मनगटावर गेली. तिथं कानिफचं घड्याळ टिकटिकत होतं. तो पेला, ती भिंत, ते आधी थोडं हसणं. मरायला निघालेला माणूस हुबेहूब उभा केला म्हणून पाठ थोपटून घेतली होती ना, तो माणूस त्यानं कुठून उचलला होता? सृष्टीला वाटलं काकांनी कमाल केली. ती पुढचं विचारू लागली, हे कुणाला सांगितलंय का तुम्ही. हा ताडकन उभा राहिला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, “मॅडम, थांबवा. ह्ये माझं न्हाई. ह्ये दुसऱ्याचं हाय.”

मॅडम धावत आल्या. त्यानं जसं सुचेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग इथं काय करताय? जा. थेट विचारा, मग ऐका. उपदेश नको. हो म्हणाला तर एकटा सोडू नका, घरच्यांना सांगा, कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. माझा फोन चालू आहे.” तो दारापर्यंत पोचला तेव्हा मागून म्हणाल्या, “आणि काका, ‘ना’ लावू नका.”

रिक्षात बसल्या बसल्या त्यानं तालीम सुरू केली. जीव द्यावा असं वाटतं का. जीव द्यावासा वाटतो का. हळूच म्हणतोय असं त्याला वाटत होतं, पण त्याचं हळू म्हणजे किती. रिक्षावाला रशीद आरशातून बघत राहिला आणि सिग्नलला मान वळवून म्हणाला, “चाचा, धंदा मंदा है, मगर इतना भी नहीं.”

सूर्यभाननं त्याची माफी मागितली. रशीदनं सगळं ऐकल्यावर गल्लीबोळातून रिक्षा अशी काढली, की कानिफनंही मान डोलावली असती.

दार सुनेनं उघडलं. नुकताच दिवा लावलेला, घरात उदबत्तीचा वास. कानिफ आपल्या खुर्चीत, हातात पेला. आणि एवढी तालीम करून आलेला हा नट दारात काय म्हणाला?

“काय कानिफ, बरा हायेस ना?”

“बरा हाय की.”

स्वतःचाच ‘ना’ सूर्यभानच्या कानावर आदळला. वर्गातल्या प्रत्येक पोरीला तो मनातून हसला होता. आता कळलं, ती खोली केवढी अवघड होती. सून चहा टाकायला आत गेली. सूर्यभाननं आत येऊन टीव्ही बंद केला, खुर्ची ओढून कानिफच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

“कानिफ, जीव द्यावा असं वाटतं का तुला?”

कानिफनं आधी देवघराकडं बघितलं. “दिव्याच्या येळेला काय बोलतोस, मास्तर.”

“दिव्याच्याच येळेला इचारतोय. वाटतं का?”

कानिफनं पेला खाली ठेवला. या वेळी तो आधी हसला नाही. “व्हय,” म्हणाला. “वाटतं.”

दिवा विझला नाही. पाल चुकचुकली नाही. शब्द घरात येऊन बसला आणि घर होतं तसंच उभं राहिलं.

सूर्यभानच्या जिभेवर सगळा सरंजाम तयार होता. नातवाचं तोंड बघ, असं बायकांसारखं काय बोलतोस, देवानं एवढं दिलंय, आमी काय मेलोय का. एकेक वाक्य त्यानं गिळलं. गाड्याच्या गाड्या बोलून दमवणारा माणूस त्या संध्याकाळी तोंड मिटून बसला, आणि हे काम त्याला आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं. मग कानिफ बोलू लागला. बायको गेल्यापासून सकाळ नकोशी होते. घरात कुणी वाईट वागत नाही, हेच जास्त लागतं. दोष तरी कुणाला द्यायचा. गाडी डेपोत लावून सगळे उतरून गेले आणि आपणच आत राहिलोय, असं वाटतं. कधी, कसं, याचाही विचार त्यानं करून ठेवला होता. सूर्यभाननं तेही विचारलं आणि त्यानं तेही सांगितलं. ते इथं लिहायचं कारण नाही.

शेवटी कानिफनं त्याचं मनगट धरलं. “कुनाला सांगू नको. तुला माझी आन हाय.”

“आन घाल न्हाईतर काय बी घाल,” सूर्यभान म्हणाला. “जल्मात कधी गप बसलो न्हाई, आता बसू व्हय?”

कानिफ भडकला. भडकू दिलं.

सुनील कामावरून आला तेव्हा सूर्यभाननं त्याला जिन्यातच गाठून त्याच शब्दांत सांगितलं. पोरगं पांढरं पडलं. म्हणालं, “बाबा? छे. बाबा असलं काही करणार नाहीत ना?”

“आदी त्यो ‘ना’ काढ,” सूर्यभान खेकसला. मग लगेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं सुनीलनं घरातून जे जे हलवायला हवं होतं ते हलवलं. सूर्यभान तिथंच राहिला. रतनबाईला फोन करून नीट काय ते सांगितलं. ती म्हणाली, रहा, आन तोंड कमी चालवा. सकाळी तिघं मिळून मनोविकारतज्ज्ञाकडे गेले.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सुटला. तसं नसतं. गोळ्यांनी कानिफचं तोंड कोरडं पडायचं. सुरुवातीचे काही आठवडे फरक दिसेना. एकदा त्यानं मनानंच गोळ्या बंद केल्या, तेव्हा सुनीलनं पुन्हा डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. सूर्यभानशी तर त्यानं अबोलाच धरला. चारचौघांत माझं हसं केलंस, एवढंच म्हणाला होता. सूर्यभान जातच राहिला. एक बोलायचा, दुसरा बोलायचा नाही. त्या दोघांना यात नवीन काय होतं?

मग एका सकाळी सून स्कूटर शिकायला मैदानात निघाली आणि कानिफ न सांगता चपला घालून मागं गेला. बिनगियरच्या गाडीत शिकवायचं काय डोंबल, असं पुटपुटत कडेला उभा राहिला. थोड्या वेळानं सूर्यभानला कानिफचा फोन आला, बऱ्याच महिन्यांनी. “मास्तर, सून वळनावर हात दाखवत न्हाई. तू येऊन तिला चार शब्द सुनाव. मला बोलता येत न्हाई.” वाईट दिवस अजूनही येतात. पण आता तसा दिवस आला की कानिफ सांगतो, आज सकाळ वंगाळ हाय. आणि घरात त्यावर कुणी ‘छे’ म्हणत नाही.

सूर्यभान आपली नक्कल करतो, हे कानिफला सृष्टीकडून कळलं. एव्हाना ती शिकाऊ सिस्टर म्हणून, कानिफ तपासायला जायचा त्याच मानसोपचार विभागात ड्युटीला लागली होती. कानिफ आधी संतापला, मग म्हणाला, मला बघायचंय. रेश्मा मॅडमनी डॉक्टरांना विचारलं, त्याला दोनदा विचारलं, आणि मगच टीव्हीच्या खोलीत खुर्ची दिली. पलीकडं सूर्यभान कॉटवर, पेला घेऊन. कानिफनं पूर्ण खेळ मान तिरकी करून बघितला आणि निकाल दिला, “पेला बरोबर. भिंत बरोबर. पन मी येवढा रडका दिसत न्हाई.”

सूर्यभानचं तोंड उतरलं. नव्या वर्षाच्या पोरी तोंड दाबून हसत होत्या. त्यातल्या एकीनं धीर करून कानिफला विचारलं, काका, त्या दिवशी यांनी तसं थेट विचारलं तेव्हा कसं वाटलं होतं?

“राग आला,” कानिफ म्हणाला. “लई राग आला.” मग म्हणाला, “पन त्या रातीला झोप लागली.”

त्या कॉलेजातल्या पोरी हे शिकतात तेव्हा आधी चुकतात, अडकतात, रडतात, आणि पुन्हा स्टुलावर बसतात. तुम्हाला तेवढीही खोली मिळणार नाही. तुमच्याकडं थेट माणूस आहे. हे वाचताना एक तोंड तुमच्या डोळ्यांसमोर आलंय, नाही म्हणू नका. बरेच दिवस ‘चाललंय’ म्हणणारं, जपून ठेवलेली वस्तू सहज देऊन टाकणारं. तर हे पान खाली ठेवा आणि आजच त्याच्याकडं जा. जवळ बसा, टीव्ही बंद करा, आणि विचारा, जीव द्यावा असं वाटतं का? मग तोंड मिटून ऐका. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडं सोबत जा. आणि काहीच सुचलं नाही तर त्याच्या शेजारी बसूनच १४४१६ ला, टेली मानस या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. आणि हो, ते तोंड तुमचंच असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. तोच फोन लावा, किंवा शेजारच्या खोलीत जा आणि सांगा.

उठा, जा. आणि तो ‘ना’ लावू नका.